शिजवलेली संत्री

आमच्या सौंसरच्या ऑफिसात दर हिवाळ्यात वनभोजन असतं. मोहगावच्या बाजूला कुणाच्या तरी बागेत गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायचे, बाकीचं ज्यानं त्यानं घरून आणायचं. वरण हेडक्लार्कचं, म्हणजे आमच्या बडे बाबूंचं, वांग्याची भाजी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीची, आणि माझ्या वाट्याला दरवर्षी संत्री. अख्खी, न सोललेली. एकदा मीही भाजी आणते म्हटलं, तर बडे बाबू गोड हसून म्हणाले, "तुम्ही कायले तरास घेता म्याडम? संत्रीच आणा." आमच्या घरात बुद्धाची तसबीर आहे, म्हणून आमच्या चुलीवरचं त्यांच्या घशाखाली उतरत नाही. फळाला मात्र साल असते. हे कुणी बोलून दाखवत नाही, सगळे अगदी सभ्य आहेत.

यंदा माझं डोकं सणकलं. संत्री हवीत ना? देते. पण शिजवून.

मुलीनं मोबाईलवर क्रंबल नावाचा प्रकार दाखवला. खाली फळं, वर कणीक-लोण्याचा चुरा आणि सगळं ओव्हनमध्ये भाजायचं. आमच्याकडे ओव्हन कुठला! कुकरची रिंग-शिटी काढली, तळाशी मीठ पसरलं आणि त्यावर डबा ठेवला. पहिल्या खेपेला नुसती संत्री घातली, तर इतका रस सुटला की वरचा चुरा बुडून त्याची लापशी झाली. पांढरे धागे राहिले होते, त्यामुळे कडूही लागली.

"आई, राहू दे न," मुलगी म्हणाली. "नेहमीसारखी फळंच घेऊन जाय."

लापशी झाली त्यापेक्षा मला या वाक्याचा जास्त राग आला. एवढ्याशा वयात हिलाही सवय लागली? दुसऱ्या दिवशी पाकळ्या सोलल्या, बिया नि धागे काढले, रस निथळू दिला. जोडीला पिकलेले पेरू चिरले. कणीक, किसलेला गूळ आणि थिजलेलं तूप बोटांच्या टोकांनी रवाळ होईपर्यंत चोळलं. या वेळी चुरा खरपूस भाजला गेला आणि घरभर वास सुटला. फर्मास झालं होतं. माझं कौतुक मीच करते, बाकीच्यांचा भरवसा नाही.

बागेत पंगत बसली. रोडगे वाढून झाले.

"म्याडम, संत्री कुठी हायेत?" बडे बाबूंनी विचारलं.

"ह्या डब्यात. माझ्या घरी शिजवलीत."

एकाला तिथल्या तिथे शुगर झाली. दुसऱ्याचं पोट एकाएकी भरलं. त्यांचं मला काही वाटलं नाही. मी बघत होते मैत्रिणीकडे. तिच्या बाळंतपणात दवाखान्यात उशाशी मी बसले होते. चारचौघांत ती मला बहीण म्हणते. ती खाते की नाही, एवढंच मला पाहायचं होतं.

तोंडातला रोडग्याचा घास गिळून ती म्हणाली, "मले उपास हाय न आज, ताई."

खूप लागलं मला ते. पण रडायला मी गेले नव्हते. डबा मांडीवर घेतला आणि सगळ्यांच्या मध्ये बसून चमच्यानं खायला लागले. कुणी वर बघेना. मैत्रिणीनं सवयीनं भाजीची पळी माझ्या ताटाकडे आणली. इतकी वर्षं ती भाजी मी बोटं चाटून खाल्ली होती.

मी ताट मागे ओढलं.

"शिजवलेलं नको," मी म्हटलं. "तुह्या घरचं मले वांगं दे. कच्चं."