गुलाबी ठिपक्याची स्प्रिंग

बेडशाचे गोरखभाऊ कामशेतला माझ्या गॅरेजवर पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी गाडी आत घेतली नाही. रस्त्याच्या कडेला उभी केली, किल्ली खिशात टाकली आणि बाहेरूनच गॅरेज न्याहाळलं. भिंतीवर माझ्या डिप्लोमाचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं. ते त्यांनी सावकाश वाचलं आणि विचारलं, "हे खरं हाय, का छापून आणलंय?"

मी खरं असल्याचं सांगितलं. त्यांचा विश्वास बसल्याचं दिसलं नाही, पण गाडी मात्र आत आली.

गाडी म्हणजे फोर बाय फोर पिकअप. पवना धरणाच्या कडेने आता सगळीकडे तंबू लागलेत. शहरातली माणसं चकचकीत गाड्या थेट पाण्यापर्यंत नेतात आणि चिखलात रुतवून बसतात. मग गोरखभाऊंना फोन जातो. खंडाळ्यापासून पवनानगरपर्यंत रुतलेली गाडी ओढून काढणारा माणूस म्हणून त्यांचं नाव आहे. त्या कामासाठी त्यांनी पुढे जाड पत्र्याचा बंपर बनवून घेतला होता आणि त्यावर विंच बसवली होती. विंच म्हणजे मोटरवर फिरणारं तारेच्या दोराचं रीळ. दोन्ही मिळून पंच्याण्णव किलो. कंपनीने दिलेल्या स्प्रिंगांनी हा भार कधी धरलाच नव्हता. गाडीचं नाक खाली गेलं होतं, गतिरोधकावर पुढून ठक्क आवाज यायचा, ब्रेक दाबला की गाडी नमस्कार घालायची. टायर आतल्या बाजूने झिजले होते. अशी गाडी घाटात उतरवणं बरोबर नाही, असं मी त्यांना सांगितलं. पुढच्या दोन्ही स्प्रिंगा जास्त ताकदीच्या, सोबत नवे शॉकअप आणि शेवटी अलाइनमेंट, असं काम ठरलं.

नवीन स्प्रिंगा मी त्यांच्यासमोर खोक्यातून काढल्या. त्यांनी खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली. गुलाबी. प्रत्येक स्प्रिंगच्या तिसऱ्या वेटोळ्यावर आतल्या बाजूने एकेक ठिपका दिला, फुंकर मारून वाळवला आणि म्हणाले, "आता बसव."

शॉकअपला ठिपका. रबराच्या बुशला ठिपका. जुन्या काढलेल्या नटांनाही ठिपका. नंतर कळलं की त्यांच्या गाडीत ठिपका नसलेला भाग शोधावा लागतो, आणि घरात रेणुकावहिनींना नेलपॉलिश कधी सापडत नाही.

उंची मोजायची त्यांची रीतही त्यांचीच. माझ्याकडे टेप होता. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. टेप माझा होता ना. त्यांनी सुतळी काढली, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंत ताणली आणि तिथे गाठ मारली. काम झाल्यावर पुन्हा ताणून दुसरी गाठ मारली. गाडीचं नाक तीन बोटं उचललं होतं. दोन दिवस ते उलट्या ठेवलेल्या ऑइलच्या डब्यावर बसून माझ्या हाताकडे बघत होते. चहाही त्यांनी समोरच्या टपरीवरून स्वतः आणला.

आठ दिवसांनी ते परत आले. गाडी आणली नव्हती, फक्त सुतळी आणली होती. दोन गाठींच्या मध्ये तिसरी गाठ होती. नाक बोटभर खाली आलं होतं.

नवीन स्प्रिंग सुरुवातीला थोडी बसते, असं मी समजावलं. ते खरंही होतं, पण स्प्रिंग दोन-चार मिलिमीटर बसते, बोटभर बसत नाही. हे मलाही माहीत होतं आणि माझ्या चेहऱ्यावर त्यांनी ते वाचलं असणार.

"बदलल्यास तू," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "म्या चहाला गेलतो तवा."

ठिपका बघा, मी म्हणालो. ठिपका तर आहे, त्यांनी मान्य केलं. पण गुलाबी नेलपॉलिश कामशेतच्या बाजारात कुणालाही मिळतं. रविवारी जुन्या स्प्रिंगा परत चढवणार आणि त्याच घेऊन घाटात उतरणार, असं सांगून ते गेले.

गॅरेज सुरू होऊन मला सहा महिने झाले होते. आमच्या घरात हातात पाना धरून धंदा करणारा मी पहिलाच. या पट्ट्यातले सगळे ड्रायव्हर गोरखभाऊंना ओळखतात. गॅरेजवाल्या पवनने स्प्रिंगा बदलल्या, एवढं एक वाक्य माझ्याबद्दल ते टपरीवर बोलले असते, तर माझ्या दारात कुणी पंक्चरलाही थांबलं नसतं.

त्या दुपारी मी सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. ज्या दुकानातून स्प्रिंगा आणल्या, त्यानेच हलका माल दिला असेल म्हणून तसल्याच दुसऱ्या स्प्रिंगच्या तारेची जाडी मोजली. बरोबर होती. मग वाटलं, गोरखभाऊच तर काही खेळ करत नसतील? सुतळीची गाठ हवी तिथे मारता येते. हा विचार मनात आला याची मला आजही लाज वाटते, पण आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेडशाला गेलो. भाऊ कुणाची तरी गाडी ओढायला गेले होते. रेणुकावहिनींनी मला ओसरीवर बसवलं, आणि मी न विचारता एक गोष्ट सांगितली. गोरखभाऊ अकरा वर्षं खंडाळ्याच्या एका बंगल्यावर ड्रायव्हर होते. एकदा मालकाच्या गाडीचा जॅक गायब झाला. मालकांनी सगळ्या नोकरांसमोर भाऊंच्या पिशव्या उघडायला लावल्या. पिशव्यांत डबा आणि टॉवेल निघाला. पुढे महिन्याभराने कळलं की मालकाच्या भाच्यानेच जॅक कुणाला तरी देऊन टाकला होता. भाऊंना ते सांगायलाही कुणी आलं नाही. त्यांना ते माळ्याकडून कळलं. "तवापासून ह्यांचं आसं," वहिनी म्हणाल्या. "माझ्या मंगळसूत्राचे मनी बी मोजत आसत्याल."

तेवढ्यात भाऊ आले. मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. वराळ्याच्या बाजूला ट्रकचा वजनकाटा आहे. तिथे पुढची दोन चाकं तेवढी काट्यावर घ्यायची. मी गाडीला हातही लावणार नाही. जुन्या स्प्रिंगा त्यानंतर खुशाल चढवा.

काटा माझ्या ओळखीचा आहे का, असं त्यांनी विचारलं. नव्हता. तेव्हा निघालो, ते गाडीत आणि मी मोटरसायकलवर मागे.

काट्यावर पोचल्यावर त्यांनी आधी तिथल्या दोन ट्रकवाल्यांना, काटा खरा दाखवतो का, म्हणून विचारून घेतलं. मग पुढची चाकं चढवली आणि खाली उतरले. मी घरून हिशोब करून आणला होता: कंपनीचं पुढचं वजन, अधिक बंपर, अधिक विंच. अकराशे यायला हवे होते. काट्याने अकराशे ऐंशी दाखवले. भाऊंनी गाडी मागे घेऊन पुन्हा चढवली. अकराशे ऐंशी.

"पुढे आणखी काय आहे, भाऊ?"

"काय न्हाई."

मी बंपरवर बोटाच्या पेराने वाजवलं. डाव्या टोकाला पोकळ आवाज आला, उजव्या टोकाला भरीव. मी पुन्हा वाजवलं. ट्रकवाले बघायला लागले होते. भाऊंनी सदरा वर केला, कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली सोडली आणि बंपरच्या खालून एक झाकण उघडलं. आत जाड साखळी होती, लोखंडी हूक, एक कप्पी, दोन पहारी. माझ्या अंदाजाने साठ किलो. पुढच्या चाकांच्याही पुढे लटकलेलं वजन चाकांवर आणखी जड पडतं, म्हणून काट्यावर ऐंशी.

मागचा हौदा उघडा, तिथून सामान कुणीही उचलेल, म्हणून त्यांनी बंपर बनवतानाच हा कप्पा करून घेतला होता. वहिनींनाही माहीत नव्हतं.

पण मी गाडी खालून-वरून पाहिली होती. तेव्हा बंपर पोकळच वाजला होता.

"गॅरेजला यायच्या आदी घरी काढून ठिवतो," ते म्हणाले. "गॅरेजात साखळीच्या कड्या जात्यात."

म्हणजे माझ्याकडे गाडी रिकामी आली, रिकामी मोजली गेली, तिला मी रिकामीच्या बेताची स्प्रिंग घातली. घरी जाऊन त्यांनी साठ किलो पुन्हा भरले, सुतळी ताणली आणि मला चोर ठरवलं. साखळीचं वजन त्यांच्या लक्षात कसं आलं नाही, असं मी विचारलं.

"ते सामान हाय," ते म्हणाले. "गाडीला कुटं लावलंय?"

मग ते त्या झाकणाशी उकिडवे बसले. त्यांनी खिशातून सुतळी काढली, तिसरी गाठ सोडवायचा प्रयत्न केला. ती घट्ट बसली होती, सुटली नाही. त्यांनी दातांनी सोडवली.

सोमवारी ते गॅरेजवर आले. आधीपेक्षाही जास्त ताकदीच्या स्प्रिंगा मी मागवून ठेवल्या होत्या. गाडी त्यांनी या वेळी सरळ आत घेतली. बंपर वाजवून पाहायची गरज नव्हती, झाकणाची किल्ली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. सगळं आतच आहे, साखळी काढून नीट वजन कर, म्हणाले. रस्त्यापर्यंत गेले आणि वळले.

"दोनशे एकतीस कड्या हायत."

आणि ते टपरीवर चहाला गेले. पाठ माझ्याकडे करून बसले.

मी साखळी ओढून जमिनीवर काढली. वजन करण्याआधी कड्या मोजल्या, एकदा नाही, दोनदा. त्यांच्या मोजण्यात एखादी चूक असली तर ती माझ्या अंगावर नको होती. दोनशे एकतीसच निघाल्या. शेवटच्या कडीवर गुलाबी ठिपका होता.

भाऊ चहाचे दोन ग्लास घेऊन आले. एक माझ्यासमोर ठेवला. साखळीकडे त्यांनी पाहिलं, पण मोजली नाही.