ऊ-बानने सीमोल्लंघन

सीमोल्लंघन हे पराक्रमाचं लक्षण आहे. दसऱ्याच्या दिवशी माणसाने आपली हद्द ओलांडावी, पलीकडे पाऊल टाकावं आणि सोनं घेऊन परतावं. हे विचार माझे नाहीत, सासऱ्यांचे आहेत. ते त्यांनी बर्लिनच्या ऊ-बानमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, एका हाताने दांडा धरून उभ्या उभ्या मांडले. आमचं हॉटेल जुन्या पश्चिम बर्लिनच्या उत्तर टोकाला होतं. तिथून निघालेली सहा नंबरची गाडी जुन्या पूर्व बर्लिनच्या पोटातून जाते आणि पुन्हा पश्चिमेत बाहेर पडते. सासऱ्यांचं बोलणं संपेपर्यंत आम्ही हद्द दोनदा ओलांडली होती. पैकी एकदा सासूबाई पर्समध्ये सुपारीची डबी शोधत होत्या.

दसऱ्याला घर सोडून बर्लिनला जाण्याची चूक माझी. मी तेव्हा जर्मनीत, एर्लांगेनला पीएच.डी. करत होतो. एक्स-रेच्या चित्रांतला धूसरपणा कमी करणं हे माझं काम. सासू-सासरे सप्टेंबरात पुण्याहून दोन महिन्यांसाठी आले. त्यांना बर्लिन दाखवायचं म्हणून मी तीन महिने आधीच हॉटेल ठरवून टाकलं होतं. कॅलेंडर न बघता ठरवलं, असा आरोप माझ्यावर पुढे झाला. तो खोटा आहे. मी कॅलेंडर बघितलं होतं. ते जर्मन होतं आणि त्यात त्या रविवारी काहीही नव्हतं.

शनिवारी आम्ही वीकएंड तिकिटावर, साध्या गाड्या बदलत बदलत निघालो. तिसऱ्या बदलाच्या फलाटावर सासूबाईंनी विचारलं, "उद्या संध्याकाळी किती वाजेपर्यंत घरी पोचू?"

"उद्या रात्र तिथेच आहे, आई. सोमवारी परत," बायको म्हणाली.

"अगं, पण उद्या दसरा!"

पुण्याहून त्यांनी आपट्याच्या पानांची जुडी ओल्या पंच्यात गुंडाळून, विमानातून आणली होती. ती एर्लांगेनला आमच्या फ्रीजमध्ये, दह्याच्या डब्यामागे सुरक्षित होती. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी जर्मन वेळापत्रकाकडे बघितलं.

"काही बिघडत नाही," सासरे म्हणाले. "प्रतीकांना पानं लागत नाहीत."

रविवारी सकाळी हॉटेलात नाश्त्याला ते मफलर आणायला वर गेले, तेव्हा सासूबाईंनी खरी गोष्ट सांगितली. सासरे बावीस वर्षं एका कॉलेजचे प्राचार्य होते. दर दसऱ्याला संध्याकाळी घरी रीघ लागायची. प्राध्यापक, क्लार्क, विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे वडील. सासरे कोट घालून हॉलमध्ये बसायचे, प्रत्येकाला "सोन्यासारखे राहा" म्हणायचे, आणि पंचवीसएक माणसं जमली की सीमोल्लंघनावर बोलायचे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या दसऱ्यालाही ते पाच वाजता कोट घालून बसले. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आले. पेपर टाकणारा आला, पण तो बिल घेऊन आला होता. साडेआठला सासरे उठले आणि म्हणाले, "रस्त्यात गर्दी असेल."

"म्हणून तर यंदा ऑक्टोबरात जर्मनी बघायची घाई," सासूबाई म्हणाल्या. "घरात बसून वाट बघायला नको म्हणून."

"पण आपण देऊ ना त्यांना सोनं. मिळालं तर," मी म्हणालो.

"घरच्यांचं घेतात हो ते. पण मोजत नाहीत."

तेवढ्यात सासरे मफलर गुंडाळून खाली आले आणि आम्ही सगळे एकदम पावाबद्दल बोलायला लागलो.

तर असं बोलत, दांडा धरत, आम्ही जुन्या सरहद्दीच्या नाक्याजवळच्या स्टेशनला उतरलो. तिथे रस्त्याच्या मधोमध एक लाकडी चौकी आहे आणि तिच्यासमोर जुन्या गणवेशातले दोन सैनिक उभे असतात. ते सैनिक नसतात, फोटोपुरते असतात. सासऱ्यांनी हे मनावर घेतलं नाही. त्यांनी कोटाची बटणं लावली, छाती पुढे काढली आणि उजवं पाऊल पलीकडे टाकलं. मागून टूरिस्ट बसने हॉर्न दिला. एका सैनिकाने फोटो हवा का, असं विचारून दर सांगितला.

"झालं," सासरे म्हणाले. "आपलं सीमोल्लंघन झालं."

"खरं तर बाबा, सकाळी गाडीतच दोनदा झालंय," मी म्हणालो. धूसरपणा कमी करण्याची सवय.

"अरे, तुला गप्प बसता येत नाही का?" बायको म्हणाली. सासूबाईंनी मला सुपारी देऊ केली. म्हणजे तोंड बंद राहील.

म्युझियमला जायचं म्हणून आम्ही त्याच स्टेशनवर परतलो, आणि त्यात आणखी एकदा हद्द ओलांडली गेली. मी ते सांगितलं नाही. उत्तरेकडची गाडी आली. आत शिरतो तोच सासूबाई खाली वाकल्या.

"अगं, आपटा!"

डब्याच्या जमिनीवर एक पिवळंधमक पान पडलं होतं. मधोमध चीर आणि दोन्ही बाजूंना गोल पाळी. त्यावर बुटाचा शिक्काही होता.

"आपटा इथे कुठला," सासरे म्हणाले, पण चष्मा काढून पुसून पुन्हा लावला.

"मग हेच देऊन टाकू," बायको म्हणाली.

"पायदळी गेलेलं? वेडी आहेस का?" सासूबाई म्हणाल्या. "हे पडलं त्याअर्थी झाड कुठेतरी असणार."

आता माझं शिक्षण कामाला आलं. पान ओलं होतं, दुमडलेलं नव्हतं आणि त्यावर एकच बूट पडला होता. रविवारच्या गर्दीत असं पान फार वेळ टिकत नाही. म्हणजे ते दोन-तीन स्टेशनांच्या आत, दक्षिणेकडे कुठेतरी, कोणाच्या तरी बुटाला चिकटून गाडीत चढलं होतं. मी हे सगळं मोठ्याने सांगितलं. बायको फक्त "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणाली. बरोबर असलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा ती जर्मन बोलते.

पुढच्या स्टेशनला उतरून आम्ही उलटी गाडी पकडली. बाकीचे लोक बर्लिनला जाऊन म्युझियमं आणि राजवाडे बघतात. आम्ही दुपारभर जिने बघितले. नाक्याच्या स्टेशनला वर आलो, चहूकडे झाडं बघितली, खाली गेलो. पुढच्या स्टेशनला कालवा होता आणि झाडांची साल ठिगळं लावल्यासारखी होती. पानं हाताच्या पंजाएवढी, पण मधली चीर नाही. त्याच्या पुढच्या स्टेशनला वर आल्या आल्या सॉसेजच्या गाडीचा धूर. सासूबाईंचा गुडघा बोलायला लागला होता, पण त्या बोलत नव्हत्या.

"आपण इथे शहर बघायला आलो आहोत की झाडं?" सासरे म्हणाले. "मला पानांचं काही नाही. मी फक्त तुमच्याबरोबर चढउतर करतो आहे." मात्र प्रत्येक स्टेशनवर जिना संपताच सर्वांत आधी मान वर करून फांद्या बघत होते तेच.

चौथ्या स्टेशनला बाहेर आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. उजवीकडच्या गल्लीत एक झाड दिव्यासारखं पिवळं उभं होतं. फुटपाथ पानांनी भरलेला. आणि वास. तो वास मला कुठल्याच पानाशी जोडता येईना.

झाडाखाली साठीच्या पुढची एक बाई वाकली होती. हातात रबरी मोजे, एक चिमटा आणि प्लास्टिकची पिशवी. पिवळसर, चिकट फळं उचलून ती पिशवीत टाकत होती. आम्हा चौघांना बघताच तिने पिशवी आपल्याकडे ओढली.

बायकोने जर्मनमध्ये नमस्कार-चमत्कार केले. बाई कोरियाची होती. तरुणपणी नर्स म्हणून आली ती इथेच राहिली. तिच्या गावी म्हणे भुयारी रेल्वेतून कुठेही बाहेर पडलं की या दिवसांत रस्तेच्या रस्ते असे पिवळे असतात. या फळांतल्या बिया भाजून खातात. इथल्या जर्मनांना त्यातलं काही कळत नाही, आणि ते बरंच आहे.

"आल्झो, तर मग," ती शेवटी म्हणाली, "बिया माझ्या. पानं हवी तेवढी न्या."

बायकोने सांगितलं की आम्हाला पानंच हवीत, आज आमच्याकडे सण आहे, ज्येष्ठांना सोनं म्हणून पान देतात. बाईने सासऱ्यांकडे निरखून बघितलं. कोट, मफलर, लावलेली बटणं. सासरे सासूबाईंना सांगत होते, "हा आपटा नव्हे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने..."

बाईने मोजे काढले. खालच्या फांदीचं एक चांगलं पान तोडलं, बाहीला पुसलं, सासऱ्यांसमोर आली आणि दोन्ही हातांत धरून, मान लववून, ते पुढे केलं. तिच्याकडे मोठ्यांना काही द्यायचं तर असंच देतात, हे मला नंतर बायकोने सांगितलं. त्या क्षणी आम्हा कोणालाच काही सांगायची गरज वाटली नाही.

वनस्पतिशास्त्र तिथेच थांबलं. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी पान घेतलं.  मग मराठीतच म्हणाले, "सोन्यासारख्या राहा."

"बिट्टे," म्हणजे त्यात काय एवढं, बाई म्हणाली, मोजे चढवले, आणि पिशवी आमच्यापासून आणखी हातभर लांब ठेवून कामाला लागली.

आम्हीही पानं वेचली आणि सूर्य मावळायच्या आत एकमेकांना दिली. सासऱ्यांनी आमची पानं बाहेरच्या खिशात ठेवली आणि त्या बाईचं आतल्या खिशात.

"मोजलं हो," सासूबाई जिना उतरताना माझ्या कानात म्हणाल्या.

परतीची गाडी खच्चून भरलेली होती. सासरे दांडा धरून उभे राहिले, घसा साफ केला आणि सीमोल्लंघनाचा विषय जिथे सोडला होता तिथून उचलला. आसपासची माणसं आधी त्यांच्याकडे, मग आमच्या पायांकडे बघायला लागली आणि एकेक करून डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. त्या झाडाची फळं बुटाखाली चिरडली की नासलेल्या लोण्यासारखा वास येतो. आम्हा चौघांनाही बसायला जागा मिळाली.