दाव्याशिवाय दिलेली गाडी

नाशिकहून निघताना सुनंदाने गाडीला हळदीकुंकू वाहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला भरून आले. "आज कसं काय?" असे विचारले, तर म्हणाली, "निरोपाचं आहे."

सोमवारी तिचे शेवयांचे यंत्र यायचे होते आणि ते बसवायला घरात एकच जागा होती, गॅरेज. तिथे माझी ॲम्बेसिडर उभी असे. गाडी परत आली तर यंत्र परत जाणार, हे आमच्यात स्पष्ट होते. "आणि आणलीतच, तर तुम्हीही तिच्यातच राहा," असे माझी बायको शांतपणे म्हणाली होती. मागची सीट काढून मी तिथे गादीचा दिवाण बसवलेला असल्यामुळे ही धमकी पोकळ नव्हती.

गाडीविषयी खरे तेच सांगतो. मी घेतली तेव्हा ती जुनी, पांढरी आणि चालती होती. पुढे दर रविवारी मी तिच्यात सुधारणा केल्या. मोरपंखी रंग दिला. आत छताला छोटे झुंबर टांगले. ते खड्ड्यात किणकिणते. सागवानाचे स्टिअरिंग स्वतःच्या हाताने तासून केले, आणि त्याला पॉलिश करण्याच्या नादात मुलीची स्नेहसंमेलने चुकवली. जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या आमच्या गटात त्या स्टिअरिंगचे फार कौतुक झाले. घरी त्याबद्दल कुणी बोलले नाही आणि विचारायचे मला धैर्य नव्हते. काढलेले मूळ सामान मात्र मी मुद्देमाल जपावा तसे जपले. आताही मूळ स्टिअरिंग डिकीत होते आणि मूळ सीट टपावरच्या कॅरिअरला दोरीने बांधलेली होती.

समृद्धी महामार्गावर ट्रकसुद्धा आम्हाला मागे टाकत होते. मागे टाकताना लोक वेग कमी करून मोबाइल बाहेर काढत. मी आधी मान ताठ ठेवली. पुष्कळ वेळाने लक्षात आले की ते टपावरच्या सीटचा फोटो घेत होते.

वाशिमकडच्या मालेगावपाशी महामार्ग सोडला आणि दोन्हीकडे तुरीची वावरे (शेते) लागली. शेंड्यांना पिवळी फुले, खाली शेंगा लगडलेल्या. हे बघत असतानाच इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढला आणि जऊळक्याला गाडीने वाफ सोडली. रस्त्याकडेच्या टपरीतल्या मावशींनी पाण्याची बादली दिली, चहा दिला आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

"सीट वरते कायले बांधली, भाऊ?"

"आत दिवाण आहे."

त्यांनी काचेला डोके लावले. "अन् हे काय लोंबून राह्यलं?"

"झुंबर."

"कोनी घेते काय अशी गाडी?"

"आसेगावचे एक जण घेणार आहेत."

"पाह्यली हाय त्यायनं?"

"फोटो पाहिलाय. बाहेरून."

मी पैसे काढले, तर मावशी म्हणाल्या, "राहू द्या. वापस जातानी द्या." गाडी विकली जाणार नाही, याची त्यांना खात्रीच होती.

आसेगावला महादेवभाऊ वांग्याच्या मळ्याच्या तोंडाशी उभे होते. भाजीपाल्यावर त्यांचे घर चालते. गाडी त्यांना वडिलांसाठी हवी होती. हे गोविंदआप्पा तरुणपणी एका पाटलाकडे ॲम्बेसिडरवर ड्रायव्हर होते. "जिंदगीभर गाडी चालवली," ते मला म्हणाले, "पन मांगं एक डाव बी नाई बसलो. आता बसतो म्हनलं."

माझा स्वभाव असा आहे की गिऱ्हाईक दिसले की मला कबुलीजबाब सुटतो. नाशिकची गिऱ्हाइके त्यामुळेच पळाली होती. इथेही सुरू झालो. "दुसरा गिअर निसटतो. डावे दार पावसात अडकते. गाडी तापते."

"अजून?" आप्पांनी काठी टेकून विचारले.

"ब्रेक मारला की उजवीकडे ओढते."

"अजून?"

"हॉर्न कधी कधी आपोआप वाजतो."

आप्पा मुलाकडे वळले. "मानूस खोडी (दोष) सांगून राह्यला. घे."

बैल घेताना इथे असेच बघतात, हे मला नंतर कळले. त्या क्षणी मला फक्त एवढेच वाटले की अखेर माझा प्रामाणिकपणा कुणाच्या तरी कामी आला. तेवढ्यात आप्पांनी मागचे दार उघडले.

"सीट कुठी हाय?"

"वर."

"मंग मी वरते बसून जाऊ?"

जमलेले लोक हसले. महादेवभाऊंनी समजावले, "आप्पाले बसाचं हाय, भाऊ. लोळाचं नाई."

मी डिकी उघडून पाना काढला. दिवाण बाहेर आला आणि कडुनिंबाखाली गेला. त्याच्यावर लगेच दोघी बायका तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या. झुंबर महादेवभाऊंच्या बायकोने, शोभाताईंनी, मागून घेतले. "गोठ्यात लावतो," त्या म्हणाल्या. "म्हशीपाशी लय अंधार पडते." मूळ सीट खाली उतरली. एकेक वस्तू निघत होती तशी गाडी त्यांना अधिकाधिक पसंत पडत होती. मी गुडघ्यावर बसून नट सोडत होतो, आणि निदान स्टिअरिंगकडे तरी कुणी बघेल म्हणून वाट पाहत होतो.

महादेवभाऊ पैसे घेऊन आले, तर आप्पांनी त्यांचा हात धरला.

"दावं कुठी हाय?"

इकडे बैल विकला की गळ्यातले दावे (दोर) विकणारा घरी नेतो. दाव्यासकट दिला तर त्याच्या गोठ्याची बरकत जाते म्हणतात. मी म्हणालो, "आप्पा, गाडीला दावे नसते."

"मंग सौदा नाई. तुमच्या घरची बरकत मी काहून आनू?"

मला सोमवार दिसू लागला. शेवयांचे यंत्र टेम्पोतून परत जाताना दिसू लागले. लोक मात्र रंगात आले. कुणी म्हणाले, चाबी तुमच्यापाशी ठेवा. "चाबी नेली तं गाडी चालू कायनं करन?" कुणी नंबरची पाटी सुचवली. "पोलीस धरन ना बाप्पा." शेवटी आप्पांनी खिडकीतून काठी आत घातली आणि माझ्या सागवानावर टेकवली.

"वळवते कायनं? यानंच. हेच दावं."

मी विरोध केला. हे गाडीतले सर्वांत मौल्यवान आहे, एकसंध सागवान आहे, हाताने केले आहे, असे सगळे सांगून झाले.

"म्हनूनच तुमी न्या," महादेवभाऊ म्हणाले. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारले, "जुनं काळं हाय ना डिकीत?"

ते मीच बसवले. व्यवहार झाला. जेवायला रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे) आणि मळ्यातल्या वांग्यांची झणझणीत भाजी होती. डोळ्यांना पाणी आले ते तिखटाने, असे मी सांगितले, आणि त्यात बरेचसे तथ्य होते.

संध्याकाळी मला जऊळक्याच्या स्टेशनावर सोडायला गाडी निघाली. महादेवभाऊ चालवत होते, शेजारी मी, मांडीवर स्टिअरिंग. मागे आप्पा सीटच्या बरोबर मधोमध बसले होते.

"डायवर, गचके कायले देऊन राह्यला?"

"आप्पा, पोरगा हाय मी तुमचा."

"घरी. आता डायवर हायेस."

टपरीपाशी थांबून मी चहाचे पैसे दिले. मावशींनी आत डोकावून पाहिले आणि समाधानाने म्हणाल्या, "आता गाडीवानी (गाडीसारखी) दिसते."

अकोल्याला रेल्वे बदलली. डब्यातल्या लोकांनी मांडीवरच्या वस्तूबद्दल विचारले, की मी 'दावे' एवढेच सांगत होतो. आसेगावच्या लोकांनी मी हात लावण्याआधीची गाडी विकत घेतली होती आणि माझी मला परत दिली होती. माझी गाडी, सगळ्या रविवारांसकट, मांडीवर मावत होती. तरी गॅरेज मोकळे झाले, या विचाराने मला झोप चांगली लागली, याचीही थोडी लाज वाटते.

सुनंदा फाटकातच उभी होती. आधी तिने माझ्या मागचा रस्ता नीट पाहिला.

"दिली?"

"दिली."

मग तिने माझ्या हातातले स्टिअरिंग घेतले. कडेवरून बोट फिरवले. दोन्ही हातांत धरून आधी डावीकडे, मग उजवीकडे वळवून पाहिले.

"छान केलंय हो," ती म्हणाली. "मी पुढं कधी बसलेच नाही. दिसणार कुठून?"

मी स्टिअरिंग परत हातात घेतले. विचारले, "कुठं ठेवू?"

"कुठंही ठेवा," सुनंदा म्हणाली. "गॅरेज सोडून."