सिन्स, फॉर आणि घागरींची रांग

लातूर जिल्हा नवानवा झाला त्या सुमारास मी अहमदपूरच्या एका हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर होतो. गाव माझं कंधारकडचं, वय पंचविशीच्या आत, आणि आपल्याला इंग्रजी येतं याची घमेंड भरपूर. नव्या जिल्ह्याबरोबर नवी कार्यालयं आली, कारकुनाच्या जागा निघू लागल्या आणि गावातल्या मोठ्या माणसांना एकाएकी इंग्रजीची निकड वाटायला लागली. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "सकाळी सातला मोठ्यांचा वर्ग घ्या. शब्द येतात त्यांना, वाक्य जुळत नाही."

चौदा जण आले. त्यातले दोघं मला अजून समोर दिसतात. एक आप्पा. कापडाचं दुकान, साठीला टेकलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. त्यांना नोकरी नको होती. "सुरतेहून पत्रं येतात इंग्रजीत. मुनीम वाचतो अन् मी त्याच्या तोंडाकडं बघत बसतो. लई बेकार वाटतं, सर." दुसऱ्या, बालवाडीच्या बाई. तिशीच्या असतील. वडिलांनी दुसऱ्याच्या शेतात राबून त्यांना मॅट्रिक केलं होतं. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि डोक्यात एकच गोष्ट: लातूरच्या कारकुनाची परीक्षा.

मी पुस्तकाप्रमाणे सुरुवात केली. सूर्य पूर्वेला उगवतो, हा साधा वर्तमानकाळ. पोरगा धावत आहे, हा चालू वर्तमानकाळ. सगळे मान डोलवायचे आणि वहीत भलतंच लिहायचे. खरी गाडी अडली ती सिन्स आणि फॉरपाशी. "दोन तासांपासून" म्हणायचं असलं की सगळे बिनदिक्कत 'सिन्स टू अवर्स' लिहीत. मी चार दिवस नियम फळ्यावर लिहिला. पाचव्या दिवशी बाई उठल्या.

"सर, आमच्याकडं दोन तासांपासून अन् सोमवारपासून एकच हाय. इंग्रजांनी दोन कशाला केले?"

नियम आहे, म्हणालो.

त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. विहिरी उघड्या पडलेल्या, हातपंप खडखडायचे. टँकर येणार असं कळलं की सगळी गल्ली पळायची. एका सकाळी वर्गात फक्त आप्पा. "बाकीचे पाण्याला गेले, सर," ते म्हणाले. मला राग आला आणि मी तसाच पाण्याच्या रांगेकडं निघालो. तिथं गेल्यावर राग कुठल्या कुठं गेला. माझे विद्यार्थी रांगेत होते. खरं तर त्यांच्या घागरी रांगेत होत्या आणि ती माणसं कडुलिंबाखाली वह्या उघडून बसली होती.

बाईंनी मला हाक मारली. "सर, मला समजलं! ती बघा माझी घागर. पहाटे पाचला ठेवली. ती जागा म्हणजे सिन्स. सिन्स फाइव्ह. अन् तिथून इथपर्यंत जेवढा येळ गेला, ती लांबी म्हणजे फॉर. फॉर टू अवर्स."

मी पुस्तक बंद केलं. एवढ्या सोप्या शब्दांत मला कुणी शिकवलं नव्हतं. मागून आलेले आप्पा म्हणाले, "म्हंजे वाट बघून राहिलोत, त्याला काय म्हणावं?"

वाट बघून राहिलोत! नांदेडला कॉलेजात असताना असं बोललं की आमचे प्राध्यापक हसायचे, आणि मीही पुढं विद्यार्थ्यांचं असलं बोलणं खोडून काढत होतो. पण सुरू झालेलं आणि अजून चालूच असलेलं काम या शब्दांत कसं नेमकं बसलं होतं. "वी हॅव बीन वेटिंग," मी म्हणालो. सगळी रांग ते घोकायला लागली. ज्या बायका वर्गात नव्हत्या, त्यासुद्धा.

पुढच्या आठवड्यात, बुधवारी, बाहेरच्या राज्यातले एक तरुण साहेब पाणीटंचाईच्या पाहणीला गल्लीत आले. मराठी त्यांना जेमतेम. त्यांनी इंग्रजीत विचारलं, या आठवड्यात टँकर आला आहे का? त्यांच्या सोबत दुभाषी म्हणून आलेल्या गृहस्थांनी आमच्याकडं वळून विचारलं, "टँकर येतो का?"

"हाव, येतो की," गल्ली म्हणाली. खरंच येत होता, मधूनमधून.

"इट कम्स, सर," गृहस्थ म्हणाले. साहेब कागदावर लिहायला लागले. काळ चुकला होता! मी तोंड उघडणार, तोच बाई पुढं झाल्या. पदर खोचला आणि एकेक शब्द ठेवत बोलल्या:

"सर, टँकर कम्स. बट टँकर हॅज नॉट कम फॉर नाइन डेज. वी हॅव बीन वेटिंग सिन्स मंडे. नॉट धिस मंडे. दॅट मंडे!"

साहेबांचं पेन थांबलं. ते हसले, पण चेष्टेनं नव्हे. लिहिलेलं खोडलं आणि बाईंकडून पुन्हा एकदा सावकाश ऐकून घेत नवं लिहिलं. टँकरच्या आधी 'द' हवा होता, हे मला कळत होतं. पण त्या क्षणी मला त्या 'द'ची अजिबात फिकीर नव्हती. सोबतचे गृहस्थही शेवटी म्हणाले, "बाई, बरं झालं बोललात. माझ्या ध्यानातच आलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला, आणि पुढं एक दिवसाआड येऊ लागला. आप्पांनी दुकानात येईल त्याला गोष्ट सांगितली. दर वेळी बाईंचं इंग्रजी थोडं जास्तच लांब व्हायचं. बाई कारकुनाच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास झाल्या आणि लातूरला रुजू झाल्या. पण ते नंतरचं.

टँकर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी वर्गात गेलो तर बाकांवर जागा नव्हती. गल्लीतल्या बायका आल्या होत्या, काहींच्या कडेवर पोरं. मी खडू उचलला, तर एक म्हातारी म्हणाली, "तुम्ही बसा, मास्तर. आज बाईंना सांगू द्या."

बाई लाजल्या, मग उठल्या. मी खडू त्यांच्या हातात दिला आणि शेवटच्या बाकावर, आप्पांच्या शेजारी सरकून बसलो.