झुंबरआक्काची कण्हेर

पणदऱ्यात आजबी कुणालाबी इचारा, सांगतील, झुंबरआक्कानं सुनेच्या गाया मारल्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला! गाया माझ्या हातनं मेल्या. मी विजयमाला, तिची धाकटी जाऊ. आधीच सांगून टाकते, म्हंजी पुढं ऐकताना माझी कीव करायच्या भानगडीत कुणी पडायला नको.

आक्काचं माहेर डाळजचं. लगीन हून आली तवा वल्या फडक्यात गुंडाळून कण्हेरीच्या चार काड्या घिऊन आली. सासूबाई म्हणल्या, "ह्ये इख घरात कशाला?" आक्का म्हणली, "घरात न्हाय, बांधाला लावते. गुरं तोंड लावत न्हाईत, पानी लई लागत न्हाय, आन महादेवाला फूल व्हतं." सासूबाईंनी दोनदा उपटली, हिनं तिसऱ्यांदा लावली. असली हट्टी बाई.

मी ह्या घरात आले तवर रस्त्याच्या कडंनं पुरुषभर उंच कुंपण उभं राह्यलं व्हतं. पांढरी, गुलाबी, आन एक लाल दुहेरी. थंडीत शेंड्यावर पिवळा मावा, बारीक किडा, पडायचा, तर ही साबणाचं पानी घिऊन एकेक शेंडा धुत बसायची. मी म्हणायची, "आक्का, जरा सवताचं डोकं बी धुवा की आज!" नुसती हसायची. कुणी बाई फांदी मागाया आली की पेन्सिलीएवढी जाड काडी बघून तिरकी कापायची, खालची पानं काढून बाटलीत पाण्यात ठिवायची. पंधरा-वीस दिसांत मुळ्या सुटायच्या. मग त्या बाईला निरोप धाडायचा, आन रोप हातात दिलं की तिथंच साबणानं हात धुवायला लावायचं. "चीक वंगाळ असतो बया. तसंच लेकराला घास भरवशील." कन्हेरी गावापासनं हितवर किती दारांत तिच्या हातची झाडं व्हती, मोजदाद न्हाय.

महाशिवरात्रीला महादेवाला फुलं वाहिली की दुसऱ्या दिवशी छाटणी. नव्या फुटीलाच फूल लागतं म्हणायची. छाटलेल्या फांद्या जाळायची न्हाय, धूर बी वाईट. पेंढ्या बांधून त्याच दिवशी वढ्याकडच्या खड्ड्यात न्यायची आन मातीखाली गाडायची. "माला, वली कण्हेर गुराला कडू लागती, ते तोंड फिरवतं. वाळली की कळत न्हाय, चाऱ्यासंगं खाऊन जातं. वाळू द्यायचीच न्हाय." हे तिनं मला पन्नासदा सांगितलेलं. पन्नासदा! मला ठावं नव्हतं म्हणायची सोय न्हाय.

दोन सालांमागं छाटणी केली तवा आक्काचा गुडघा सुजला व्हता. निम्म्या पेंढ्या तिनं खड्ड्यात टाकल्या, निम्म्या अंगणात लिंबाखाली राह्यल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच अविराज, तिचा ल्योक, तिला गुडघा दाखवाया बारामतीला घिऊन गेला. आमचं अंगण सामाईक. आन त्याच दिवशी माझ्या स्वरूपाला बघाया इंदापूरचं पाव्हणं यायचं व्हतं. पाव्हणं दहाला येणार, आन अंगणात त्यो पसारा! माझं टकुरं फिरलं. कारखाना चालू व्हता, ऊसतोड जवळच चाललेली, तवा गोठ्याशेजारी वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, ह्यो मोठा ढीग. त्या ढिगाच्या मागं मी पेंढ्या ढकलल्या, वरनं दोन कवळा वाढं टाकलं. पाव्हणं गेलं की काढू म्हणलं. पाव्हण्यांनी पोरगी पसंत केली आन त्या आनंदात मी इसरले. एवढंच. लोकं पाप म्हंजी काय काय समजत्यात, माझं पाप एवढंच.

आक्का आली, तिला वाटलं अविराजनं नेल्या. अविराजला वाटलं आईनंच नेल्या. कुणी कुणाला इचारलं न्हाय.

होळी झाली आन एका सकाळी वृषालीनं, आक्काच्या सुनंनं, रोजच्यावानी त्या ढिगातलं वाढं कुट्टीच्या मशीनला घातलं. तीन गाया व्हत्या. गोठा त्या पोरीनं सवता उभा केला व्हता. शेणात हात घालून, दोन्ही टायमाला डेअरीला दूध घालून. पोरगी वाईट न्हाय, उगं खोटं कशाला बोलू? दुपारपातूर दोन गाया आडव्या झाल्या. तिसरी कशीबशी वाचली. गुरांच्या डॉक्टरनं गव्हाणीतली कुट्टी हातावर पसरली, त्यातलं एक पान उलटं-सुलटं करून बघितलं आन म्हणला, "ह्ये वाढं न्हाय. कण्हेर हाय ही."

समद्यांनी आक्काकडं बघितलं.  आक्का बोटं मोजाया लागली. "चार मी नेल्या... बाकीच्या अवि, तू..."

"आई, मी एकबी नेली न्हाय," अविराज म्हणला.

मग ती तिथंच गव्हाणीला टेकून खाली बसली. म्हणली, "मग माझ्याच हातनं पडल्या आसत्याल. मला आठवंना झालंय." मी तोंड उघडलं व्हतं, देवाशप्पथ उघडलं व्हतं. पण आठ दिसांवर स्वरूपाची सुपारी. पोरीच्या आईनं गाया मारल्या, ही गोष्ट इंदापूरला जायला किती येळ लागतोय? मी तोंड मिटलं.

वृषाली आरडली-वरडली न्हाय. वरडली असती तर बरं झालं असतं. तिनं सासूला गोठ्यात यायचं बंद केलं. मग एक दिवस नातवाला आक्का भाकरीचा घास भरवत व्हती, तर वृषालीनं पोराला कडंवर उचललं आन म्हणली, "आत्या, ह्येला आजपासनं मीच भरवत जाईन." आक्का "व्हय बाय" म्हणली. घास तसाच हातात. कन्हेरी गावची एक बाई तर आक्कानं दिलेलं झाड उपटून आमच्या दारापुढं रस्त्यावर टाकून गेली.

आक्कानं कुदळ मागितली. त्या गुडघ्यानं, आठ दिस, चाळीस वर्सांची कण्हेर मुळासकट काढली. अविराज म्हणला, ट्रॅक्टर लावतो. तिनं लावू दिला न्हाय. आन मी काय केलं? मी पेंढ्या उचलू लागले. वढ्यापातूर माझ्या डोक्यावरनं नेल्या, तिच्या म्होरं माती टाकली. ती म्हणायची, "माला, तू हायस म्हणून." आग लागो त्या म्हणण्याला.

त्यानंतर तिला सवताच्या हाताचा भरवसा राह्यला न्हाय. कालवणात मीठ टाकलं का न्हाय, गॅस बंद केला का न्हाय, मला बोलवून इचारायची. मग चुलीकडं जायचंच सोडलं. बसून राहायची, हात पदराखाली घालून. डोकं चांगलं व्हतं तिचं, सांगते ना मी! एवढीबी इसरभोळी नव्हती. मीच तिला इसरभोळी केली.

स्वरूपाचं लगीन झालं, ती नांदाया गेली, तिला दिवस गेले. आता मला कशाचं भ्या? तरी जीभ उचलंना. औंदा संक्रांतीनंतर आक्कानं अंथरूण धरलं, जेवण तुटलं. एका दुपारी तिच्यापाशी गेले. वृषाली तिथंच मटकी निवडत बसली व्हती. म्हणलं, व्हऊ दे, हिच्याबी कानावर जाऊ दे. आन सगळं सांगितलं. पाव्हणं, पेंढ्या, वाढ्याचा ढीग, सुपारी, सगळं. सांगताना रडू आवरंना. "आक्का, तुमच्या हातनं काय झालं न्हाय. मी केलं. मला मारा, पण मनातनं काढून टाका."

आक्कानं पदरानं माझं डोळं पुसलं. मग हसली. दोन सालांत पयल्यांदा हसली.

"माले, किती गं येडी तू. माझं मन राखाया असलं पाप आपल्या अंगावर घेतीस व्हय?"

"आक्का, खरं सांगते. स्वरूपाची आन घेते..."

"गप. पोटुशी पोरगी हाय, तिच्या नावानं खोटी आन घिऊ नगंस." तिनं माझं तोंड हातानं दाबलं. "मला आठवतंय आता. मीच ठिवल्या व्हत्या ढिगाकडं. रोज दिसतंय मला."

मी वृषालीकडं बघितलं. म्हणलं, ही तरी मानंल. तिच्या डोळ्यांत पानी व्हतं. "काकू," ती म्हणली, "तुमच्याएवढं मोठं मन माझं न्हाय हो."

"बघितलंस ना?" आक्का तिला म्हणली. "सख्खी भन करायची न्हाय एवढं. जा, हिला च्या टाक."

वृषालीनं दूध घालून चांगला च्या केला. मी प्याले. तिसऱ्या दिवशी आक्का गेली.