गेटावरची याडी आणि परोपकारी स्टाफरूम

मास्तरकीत खडू संपतात, रजा संपतात, किस्से मात्र साठतच जातात. आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या किश्श्यांत तर एकच बाई टोपली घेऊन बसलेली आहे.

दारव्हा तालुक्यातली आमची शाळा. गावाचं नाव सांगत नाही, माझ्या निवृत्तीला अजून वेळ आहे! गेटाच्या डाव्या अंगाला जमनाबाई बसते, जवळच्या बंजारा तांड्यावरून पायी येते. पेरू, बोरं, चिंचा, ज्याचे दिवस असतील ते विकते. तांड्यावरची पोरं तिला ‘याडी’ म्हणतात, म्हणजे आई. मग आम्हीही म्हणायला लागलो.

मधल्या सुट्टीतली पोरं हेच तिचं गिऱ्हाईक. गेटावरची जागा सुटली की धंदा बुडाला आणि चूल थंड, इतकं सरळ. म्हणून आम्ही तिला मदत करायचं ठरवलं. सगळा वैताग तिथूनच सुरू झाला.

*

पहिला झटका गावंडे सरांना आला. बाई उन्हात बसते हे बघून त्यांचा जीव कळवळला आणि शाळा भरायच्या आतच त्यांनी अख्खी टोपली विकत घेतली. “जाय याडी, आज घरी आराम कर!”

सुट्टीत पोरं गेटावर आली तर याडीही नाही आणि पेरूही नाहीत. पोरं गेली कोपऱ्यावरच्या दुकानात, चिप्स खाल्ले. दुसऱ्या दिवशीही तिकडेच गेली.

तिसऱ्या दिवशी याडी थेट स्टाफरूमच्या दारात! “गावंडे गुर्जी, माह्यं गिऱ्हाईक तोडलं न तुमी! एक-दोन पेरू घेत जा, माणसावानी!”

गावंडे सरांच्या डब्यात आठवडाभर पेरूची भाजी होती.

*

“तुम्हा पुरुषांना मदतही करता येत नाही,” असं म्हणून राठोड मॅडमनी सूत्रं हाती घेतली. मॅडम स्वतः तांड्यातल्या, याडीशी गोरबोलीत बोलतात. त्यांनी यवतमाळहून मोठी छत्री आणून दिली.

दुसऱ्या दिवशी बघतो तर छत्री टोपलीवर आणि याडी उन्हात.

“याडी, छत्री तुझ्यासाठी होती!” मीच ओरडलो.

“मी सुकली त कोन पाह्यते गुर्जी? पेरू सुकला त पोट्टे हात नाही लावत.”

मॅडम वर्गावर निघून गेल्या.

*

मग सातवीतल्या एका पोराचं पोट दुखलं. गणिताच्या चाचणीच्या बरोबर दहा मिनिटं आधी! चाचणी संपली आणि पोटदुखी थांबली. पण तोवर त्याच्या बापानं वरपर्यंत तक्रार ठोकली होती की गेटावरची बोरं बाधली.

वरून निरोप आला. शंभर मीटरच्या आत विक्रेते नकोत, तसा बोर्ड लावा, फोटो आजच पाठवा. आमच्याकडे सगळं आजच असतं.

मुख्याध्यापकांनी निरोप दोनदा वाचला. “हे पाहा, बाईले उठवल्याचा फोटो कोनी मांगून नाही राह्यलं. बोर्डाचा मांगून राह्यले!”

माझं अक्षर बरं, म्हणून बोर्ड माझ्याच गळ्यात. ‘शाळेच्या गेटापासून शंभर मीटरच्या आत विक्रेत्यांनी बसू नये.’ भिंत उंच, स्टूल डुगडुगतं. ते स्टूल कुणी धरून ठेवावं? याडीनं!

“पडसान गुर्जी, हळू!”

उतरलो तर तिनं हातात पेरू ठेवला. “लय सुंदर अक्षर काढता तुमी. काय लिहलं?”

“शाळेचंच हाय काहीतरी,” मी म्हणालो. पेरू गोड होता.

*

पुढे तपासणीला साहेब आले. गेटापाशी थांबून त्यांनी वरचा बोर्ड वाचला, मग खाली बसलेल्या याडीकडे पाहिलं. आम्ही सगळे एकमेकांच्या मागे सरकलो.

“पिकलेला नको, कडक दे,” साहेब म्हणाले. “अन् तिखट-मीठ जरा जास्त लाव!”

शेरा मिळाला, ‘बोर्ड ठळक ठिकाणी लावला आहे.’

*

त्यानंतर प्रौढ साक्षरतेचं काम अंगावर आलं. निरक्षर शोधा, शिकवा, परीक्षेला बसवा. माझ्या यादीत एक नाव कमी पडत होतं. शोधायला जायचं कुठे? गेट उघडलं की समोरच!

“मले कायले? आता म्हातारपनी पाटी?”

“दहा मिनिटं बस याडी. फोटो काढू, झालं.”

फोटो निघाला. तिच्या हातातलं पुस्तक उलटं होतं, पण वरून कुणी हूं की चूं केलं नाही.

पण बाईनं मनावर घेतलं ना! मी डबा उघडला की ही पाटी घेऊन दारात. “गुर्जी, हा कोनता?” रोज! घास हातात आणि समोर बाराखडी. इतका वैताग मला सातवीच्या पोरांनीही कधी दिला नाही. दोन महिन्यांत ती एसटीची पाटी वाचायला लागली, मग औषधाची चिठ्ठी, मग भिंतीवरच्या जाहिराती. परीक्षेत माझ्या यादीतून ती पहिली आली. पेढेही तिनंच वाटले.

आम्हाला वाटलं, चला, एक तरी मदत धड झाली!

*

निकालानंतरच्या सोमवारी गेटावर याडी नव्हती. मंगळवारीही नव्हती. पोरं विचारायला लागली. आजारी पडली की काय, म्हणून सुट्टीत मी गाडी काढली.

लांब जावं लागलं नाही. वळणापलीकडे, पाण्याच्या टाकीखाली ती बसली होती. तिकडे शाळेचं एक पोर फिरकत नाही. टोपली काठोकाठ भरलेली, वर छत्री.

“याडी, इथं काहून बसली तू?”

“पावलं मोजली गुर्जी. शंभराच्या वर हायेत. तुमचंच अक्षर हाय न थे?”

माझ्या तोंडातून निघून गेलं, “अवं, थो बोर्ड नुसता फोटोसाठी होता! चाल वापस.”

तिनं टोपलीतला एक पेरू निवडला, पदराला पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

“मंग मले वाचाले शिकवलं, थे बी फोटोसाठीच काय?”