पिंपावर बसून केलेलं एडिटिंग

“एक कट दाखवा, सर. फक्त एक. मी गप्प बसते.”

“आधी हे सांग, माझ्या कॉम्प्युटरला हात लावायला कुणी सांगितलं तुला?”

“लोगोची फाइल हवी होती. तुम्ही जिन्यात होतात, सिगारेटला.”

“मग थांबायचं ना दोन मिनिटं!”

“कुठे थांबू? तीस तारखेपर्यंतच आहे ना मी इथे!”

संघमित्रानं स्क्रीनवर बोट टेकवलं. गच्चीच्या गळतीचं रील एडिटिंगच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडं होतं. खाली, जिथे कापून जोडलेले चाळीसएक तुकडे दिसायला हवेत, तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग पट्टी पसरलेली. बनून तयार झालेला व्हिडिओ बाहेरून आणून तिथे नुसता ठेवला होता. हॉटेलचं कालवण घरच्या पातेल्यात ओतून पाहुण्यांपुढे ठेवावं, तसा.

नितेशनं स्क्रीन बंद केली. बंद केल्यावर तिच्यात त्याचाच चेहरा दिसला, म्हणून खुर्ची वळवली.

दोन वर्षं ही पोरगी त्याला ‘दादा’ आणि ‘तू’ म्हणत होती. आज एकदम ‘सर’ आणि ‘तुम्ही’. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

नितेश हा चव्वेचाळिशीचा गृहस्थ. वडील, धाकू, गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली तसं बिऱ्हाड जोगेश्वरीला आलं, आणि दहावीनंतर नितेश एका झेरॉक्सच्या दुकानात उभा राहिला. तिथल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरला मालकानंतर हात लावायची मुभा फक्त त्याला. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, ‘दुःखद निधन’चे फलक, सगळं त्याच्या बोटांतून निघायचं. चाळीत कुणालाही ऑनलाइन फॉर्म भरायचा असला की धाकू मोठ्यानं सांगायचे, “आमच्या नितेशाक विचारा! तेका सगळा येता!” सगळं येतं. या दोन शब्दांवर माणूस वीस वर्षं ताठ चालला. मग बॅनर फोनवरच व्हायला लागले. ज्या पोरांना त्यानं माऊस धरायला शिकवला, ती रिक्षात बसून त्याच्यापेक्षा झकास डिझाइन करू लागली.

त्यातून तो अंधेरीच्या या गाळ्यात आला. प्रितमशेठची वॉटरप्रूफिंगची कंपनी. नितेश जाहिरात विभागाचा प्रमुख. विभागात माणसं दोन, तो आणि संघमित्रा.

डिसेंबरात शेठनं दोघांना समोर बसवून विचारलं होतं, आता रोज रील टाकायचं, तर सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं? संघमित्रा तयारी करून आली होती. तिनं स्वतःच्या फोनवर, एका फुकटच्या ॲपमध्ये, ओल धरलेल्या भिंतीचं रील बनवून आणलं होतं. शेठ ते दुसऱ्यांदा बघायला लागले, तसा नितेश खुर्चीत पुढे सरकला.

“शेठ, हे पिकनिकचे व्हिडिओ झाले,” तो म्हणाला आणि तिच्याकडे वळला. “बाळा, ही कंपनी आहे, कॉलेजचं गॅदरिंग नाही. प्रोफेशनल माणूस कॉम्प्युटरवर काम करतो.”

शेठ हसले. मग तीही हसली, पण फोन मांडीवर उलटा ठेवून.

मोठं सॉफ्टवेअर आलं. आणि नितेशची वाट लागली. शंभर बटणं, दोनशे खिडक्या. आवाज एकीकडे पळायचा, चित्र दुसरीकडे. पंधरा दिवस धडपडला. कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारण्यासारखं माणूस एकच, शेजारच्या खुर्चीवर. सोळाव्या दिवशी तो जिन्यात गेला, केमिकलच्या पिंपावर बसला आणि फोनवर तेच ॲप उतरवून घेतलं. तिचंच. पाऊण तासात रील तयार. ते कॉम्प्युटरवर टाकायचं, मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचं आणि कुणी मागून गेलं की माऊस गंभीरपणे फिरवायचा. सारखा जिन्यात का जातो, याला सिगारेटचं निमित्त. बिडीलाही कधी हात न लावलेल्या माणसाला शेठ दर आठवड्याला फुप्फुसांवर व्याख्यान द्यायचे.

पाच महिने निभलं. आज सकाळी शेठ म्हणाले, “नितेश, तुझ्या कामाला काय फिनिशिंग आहे! मुलीचं ते फोनवरचं काम नको आता. तीस तारखेनंतर तू एकटाच बघ.” नितेश “बरं” म्हणाला होता. फक्त बरं.

“तुम्ही ‘बरं’ म्हणालात,” संघमित्रा आत्ता म्हणत होती. “केबिनच्या काचेतून ऐकू येतं मला.”

“मित्रा, तसं नाही गं…”

“मग कसं? फाइलच्या नावातच ॲपचं नाव आहे. माझंच ॲप वापरून मलाच काढताय, आणि मी ऐकून घेऊ? जा, सांगा शेठला. नाहीतर मी पट्टी दाखवते.”

“कसली पट्टी?” दारात प्रितमशेठ उभे होते, हातात चहाचा ग्लास.

संघमित्रानं शेठकडे पाहिलंही नाही. ती नितेशकडे बघत राहिली. सांगायची संधी ती त्याला देत होती, हे त्याला कळलं आणि त्यामुळे आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“शेठ,” तो म्हणाला. आवाज शाळेत उभं केलेल्या पोरासारखा निघाला. “मला ते मोठं सॉफ्टवेअर येत नाही. सगळी रील्स मी फोनवर केली. जिन्यात बसून. हिनं सुचवलं होतं त्याच ॲपवर.”

शेठनं चहाचा घोट घेतला. मग खो खो हसत सुटले.

“अरे, म्हणजे सिगारेट ओढत नाहीस तू?”

“नाही.”

“मग तर झकासच झालं! ते मोठं बंद कर आजच. आणि जिन्यात कशाला बसतोस वेड्यासारखा, इथे बस पंख्याखाली.”

“पण शेठ, हिची नोकरी…”

“तेच म्हणतोय ना! फुकटच्या ॲपवर एकटा एवढं काढतोस, तर दुसरा माणूस हवाच कशाला? हां, पोरी, ॲप चांगलं सुचवलंस हो.”

शेठ गेले. नितेशला एक वाक्य सुचलं होतं: तिला ठेवा, मी जातो. पूर्ण सुचलं होतं, जिभेपर्यंत आलं होतं. संघमित्रा त्याच वाक्याची वाट बघत होती, किंवा त्याला तसं वाटलं. शेठची पावलं केबिनपर्यंत पोचली, केबिनचं दार लागलं. वाक्य तोंडातच राहिलं.

तिनं बॅग उचलली, डबा आत टाकला, चार्जर गुंडाळला.

“मित्रा,” तो म्हणाला, “मी सांगितलं ना गं? सगळं खरं सांगितलं ना मी?”

तिनं बॅगेची चेन लावली, ओढणी सारखी केली आणि त्याच्या खुर्चीला वळसा घालून निघून गेली.